कुंभार, वारूळ आणि जगाचा कर्ता

देव आहे का, यावर आपल्याकडे वाद सुरू झाला की दोन वाक्यं ठरलेली. "कुणी चालवल्याशिवाय एवढं जग चालतं का?" आणि "असेल तर दाखवा." पुढे आवाज चढतात, मुद्दे वाढत नाहीत. याच दोन वाक्यांचा आपल्या देशातल्या पंडितांनी काही शतकं अक्षरशः कीस पाडला होता. ईश्वर अनुमानाने सिद्ध होतो असं म्हणणारे नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, एका बाजूला. तसा तो होत नाही असं म्हणणारे बौद्ध, जैन आणि, ऐकून नवल वाटेल, वेद शिरोधार्य मानणारे मीमांसकसुद्धा दुसऱ्या बाजूला. समोरच्याचा मुद्दा आधी नीट मांडायचा आणि मगच तो खोडायचा, अशी त्यांची रीत. हा सगळा ऐवज संस्कृत परिभाषेत अडकून पडल्यामुळे आपल्यापर्यंत फारसा पोचत नाही. पण त्याचा गाभा कुणालाही कळेल असा आहे. देवाबद्दलचा कुठलाही पुरावा तोलायला आजही याहून चांगलं साधन मला दिसत नाही.

सुरुवात अनुमानापासून करू. डोंगरावर धूर दिसतो, त्यावरून तिथे आग आहे असं आपण म्हणतो. आग तर दिसलेली नसते. मग एवढ्या खात्रीने कसं म्हणतो? जिथे धूर तिथे आग हे आपण चुलीपाशी, शेकोटीपाशी पुन्हा पुन्हा पाहिलेलं असतं आणि आगीवाचून धूर कधीच पाहिलेला नसतो, म्हणून. या न तुटणाऱ्या सोबतीला न्यायशास्त्र व्याप्ती म्हणतं. आता हेच उलटं करून पाहा. आग आहे म्हणजे धूर असणारच, असं म्हणता येईल? नाही. लालबुंद तापलेल्या लोखंडी गोळ्यात आग असते, धूर नसतो. जळण ओलं असेल तरच आगीतून धूर निघतो. 'जळण ओलं असेल तर' ही जी आत दडून बसलेली अट, तिला उपाधी म्हणतात. अशी अट सापडली की अनुमान कोसळलं. व्याप्ती आणि उपाधी एवढ्या दोनच गोष्टी ध्यानात ठेवल्या तरी पुढचा सगळा वाद समजतो.

नैयायिकांचं मुख्य अनुमान एका ओळीचं आहे. जमीन, अंकुर वगैरेंना कुणी कर्ता आहे; कारण ती कार्यं आहेत, म्हणजे कधीतरी उत्पन्न झालेली आहेत; घटाप्रमाणे, म्हणजे मडक्याप्रमाणे. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांनी आपल्या 'तर्कसंग्रहा'वर स्वतःच लिहिलेल्या 'दीपिका' टीकेत ते असंच दिलं आहे. हा ग्रंथ यशवंत वासुदेव आठल्यांनी संपादित केला आणि १८९७ साली तो मुंबई संस्कृत मालेत निघाला. संस्कृत घेऊन शिकलेल्या अनेक मराठी मंडळींची या अनुमानाशी ओळख तिथेच झालेली असेल.

कर्ता कुणाला म्हणायचं, हेही त्यांनी नेमकं बांधून घेतलं होतं. ज्यातून वस्तू घडवायची त्या मालाचं प्रत्यक्ष ज्ञान, घडवायची इच्छा आणि प्रत्यक्ष प्रयत्न, या तीन गोष्टी ज्याच्याकडे असतील तो कर्ता. कुंभाराला हातातली माती कळते, मडकं करायचं मनात असतं आणि तो चाक फिरवतो. जगाचा माल म्हणजे परमाणू. ते आपल्याला दिसत नाहीत, म्हणून ज्याला एकूणएक परमाणू प्रत्यक्ष दिसतो असा कर्ता हवा. असा कर्ता सर्वज्ञच असणार. साध्या मडक्यापासून निघून चार पावलांत सर्वज्ञ ईश्वरापर्यंत पोचण्याची ही चाल फार सुंदर आहे, हे तिचा विरोधकही मान्य करेल. एक मात्र विसरू नये. हा ईश्वर शून्यातून जग निर्माण करत नाही. परमाणूही अनादी, जीवही अनादी. ईश्वर त्यांची जुळणी करतो. ख्रिस्ती किंवा इस्लामी परंपरेतला निर्माता आणि हा कर्ता एकच धरून चालणाऱ्यांची इथेच गफलत होते.

पहिला आक्षेप कुणालाही सुचेल. माळरानावर गवत आपोआप उगवतं. ते कार्य आहे, पण तिथे कुणी कर्ता दिसत नाही. म्हणजे व्याप्ती मोडली. नैयायिक यावर वादाचा एक नियम पुढे करतात. ज्या वस्तूंबद्दल वाद चालू आहे त्यांतलीच एक उचलून उलटं उदाहरण म्हणून देता येत नाही. डोंगरावर आग आहे की नाही हा वाद असताना, 'डोंगरावर धूर आहे पण आग दिसत नाही, म्हणून तुमची व्याप्ती खोटी' असं म्हणता येईल का? येणार नाही. गवत हाच वादाचा विषय आहे, म्हणून त्याची साक्ष चालत नाही.

नियम रास्त आहे. पण त्याची किंमत किती, तेही पाहायला हवं. गवत, डोंगर, नद्या, प्राणी, म्हणजे माणसाने न घडवलेलं सगळं जग वादाचा विषय ठरल्यावर व्याप्तीला आधार म्हणून उरतं काय? मडकी, कापड, घरं, रथ. निव्वळ माणसाच्या हातच्या वस्तू. जगातल्या वस्तूंच्या एका लहानशा कोपऱ्यावरून उरलेल्या सगळ्या जगाबद्दलचा नियम काढायचा, असं हे होतं. मला हे अनुमान पहिल्यांदा लंगडं वाटलं ते इथे.

दुसरा आक्षेप शरीराचा. आपण पाहिलेला प्रत्येक कर्ता देहधारी आहे. 'शरीराने घडवलेलं असेल तर' ही इथे दडलेली उपाधी नव्हे का? आणि ईश्वराला शरीर आहे म्हटलं, तर ते शरीर कुणी घडवलं? नैयायिकांचं उत्तर विचार करायला लावणारं आहे. हात हलवून आपण मडकं उचलतो हे खरं, पण हात हलवायला आपण दुसरा हात वापरतो का? आत्म्याचा प्रयत्न थेट देहावर चालतो, मध्ये दुसरा देह लागत नाही. मग ईश्वराचा प्रयत्न थेट परमाणूंवर चालायला हरकत काय? उत्तर हुशारीचं आहे यात शंका नाही. तरी देह अजिबातच नसताना प्रयत्न झाल्याचं एकही उदाहरण त्यातून मिळत नाही, आणि उदाहरणावाचून व्याप्ती उभी राहत नाही.

आता मुद्द्याचा आक्षेप. तो सातव्या शतकातले बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्ती यांचा आहे, त्यांच्या 'प्रमाणवार्तिका'तला. मडकं हा मातीचा विकार, म्हणजे मातीचं बदललेलं रूप, आहे आणि ते कुंभार करतो. वारूळही मातीचाच विकार आहे. म्हणून वारूळही कुंभाराने केलं म्हणायचं का?

यामागचा विचार असा. मडक्यावरून आपण कुंभार ओळखतो तो 'मातीची रचना' एवढ्यावरून नव्हे. त्या विशिष्ट प्रकारची रचना कुंभार असला तर होते, नसला तर होत नाही, हे आपण पाहिलेलं असतं, म्हणून ओळखतो. डोंगरालाही 'रचना' म्हटलं आणि मडक्यालाही 'रचना' म्हटलं तर नाव तेवढं एक झालं, वस्तू एका जातीच्या झाल्या नाहीत. धूर करडा असतो म्हणून दिसेल त्या करड्या वस्तूवरून आग ओळखायला निघालं तर काय होईल, असंही धर्मकीर्ती विचारतात. कुठल्याही सादृश्यावर उभ्या असलेल्या युक्तिवादाला लावावी अशी ही कसोटी आहे: सारखेपणा नेमका कुठल्या पातळीवरचा, आणि कर्त्याशी जोडलेला आपण पाहिला होता तो सारखेपणा तोच का?

नागपंचमीला आपल्याकडे वारुळाची पूजा होते, त्यामुळे वारूळ सगळ्यांनी पाहिलेलं. आत बोटभर रुंदीच्या वाटा, कोठड्या, हवा खेळती राहावी अशी रचना. हे सगळं वाळवी करते, पण कुठल्याही वाळवीच्या डोक्यात वारुळाचा आराखडा नसतो. एकीने ठेवलेला मातीचा लाळमिश्रित कण दुसरीला तिथेच पुढचा कण ठेवायला उद्युक्त करतो, आणि असं लाखो वेळा घडून वारूळ उभं राहतं. पिएर-पॉल ग्रासे या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १९५९ साली या पद्धतीला वेगळं नाव दिलं. नैयायिक इथे म्हणू शकतील की बघा, वारुळालाही कर्ते निघालेच, वाळवी सचेतनच आहे. पण त्यांची स्वतःची व्याख्या आठवा. कर्त्याला जे घडवायचं त्याची इच्छा हवी. पूर्ण वारुळाची इच्छा धरणारं तिथे कुणीच नाही, तरी वारूळ उभं आहे. १८५९ साली डार्विनने सजीवांच्या रचनेबद्दल जे मांडलं ते याच दिशेने जातं: लहान लहान बदल, त्यांची निवड, अफाट काळ; आणि आराखडा कुणाच्याच मनात नाही. धर्मकीर्तींनी शंका काढली होती, डार्विनने पर्यायी वाट दाखवली. शंकेपेक्षा पर्यायी वाटेचं वजन अर्थातच जास्त.

धर्मकीर्तींचा आणखी एक टोला. चैत्र नावाच्या माणसाला शस्त्राने जखम झाली आणि औषधाने ती भरली. शस्त्राचा आणि औषधाचा संबंध दिसतो. ज्याचा काहीच संबंध नाही अशा खुंटालाही कारण का मानू नये? बी, माती, पाणी एवढ्यावर अंकुर येताना दिसत असेल, तर वर आणखी एक कारण लादताना त्याचा संबंध दाखवायची जबाबदारी लादणाऱ्याची.

शिवाय कर्ता सिद्ध झालाच, तरी तो एकच कशावरून? वाडा बांधायला अनेक गवंडी लागतात. नैयायिक लाघवाचा आधार घेतात: एकाने भागत असेल तर दहा कशाला मानायचे? लाघव हा चांगला निकष आहे, पण लाघवाने काय मानणं सोयीचं ते ठरतं, काय आहे ते ठरत नाही. हीच शंका अठराव्या शतकात स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमने काढली. त्याचे धर्मविषयक संवाद त्याच्या मृत्यूनंतर, १७७९ साली छापले गेले. एकमेकांचा गंधही नसलेल्या दोन परंपरा एकाच जागी येऊन अडखळतात, याचा अर्थ त्या जागी खरोखरच खड्डा असला पाहिजे.

म्हणून नास्तिकांची बाजू जिंकली का? नाही. इथे मिथिलेच्या उदयनाचार्यांकडे वळावं लागतं. काळ दहावं-अकरावं शतक, ग्रंथ 'न्यायकुसुमांजली'. पाच स्तबकांपैकी, म्हणजे प्रकरणांपैकी, तिसऱ्यात त्यांनी 'दिसत नाही म्हणून नाही' या म्हणण्याचा समाचार घेतला आहे. टेबलावर पुस्तक दिसत नाही, म्हणून पुस्तक नाही, हे बरोबर. कारण असतं तर दिसलंच असतं. पण जी वस्तू असली तरी डोळ्यांना दिसणारच नव्हती, तिच्या न दिसण्यावरून काहीच सिद्ध होत नाही. न दिसणं पुरावा ठरतं ते दिसण्याजोग्या वस्तूच्या बाबतीतच. ईश्वर दिसण्याजोगा आहे असं नैयायिकांनी कधी म्हटलेलंच नाही. 'असेल तर दाखवा' या वाक्याचं काम त्यामुळे तिथेच संपतं. हा मुद्दा मला अभेद्य वाटतो. ईश्वर सिद्ध झाला नाही आणि ईश्वर नाही हे सिद्ध झालं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे हजार वर्षांपूर्वी इतक्या काटेकोरपणे सांगितलं गेलं होतं.

पाचव्या स्तबकाच्या सुरुवातीला उदयनाचार्य एका श्लोकात ईश्वरसिद्धीची अनेक कारणं ओवतात. कार्यत्व पहिलं. सृष्टीच्या आरंभी परमाणूंना एकत्र आणणारी क्रिया, जग पडू न देता धरून ठेवणं, परंपरेने चालत आलेल्या कला, वेदांचं प्रामाण्य, असे पुढचे मुद्दे. वेदावरचे मुद्दे ज्याला वेद प्रमाण त्यालाच पटणारे, म्हणून ते सोडून देतो. शेवटचा मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तो संख्येचा आहे.

दोन परमाणू मिळून द्व्यणुक होतं. द्व्यणुकाचा आकार कुठून येतो? परमाणूच्या आकारातून येतो म्हणावं, तर अतिसूक्ष्मातून आणखीच अतिसूक्ष्म निपजेल, मोठं काही होणारच नाही. म्हणून न्याय आणि त्याचं जोडदर्शन वैशेषिक यांचे पंडित म्हणतात की तो 'दोन' या संख्येतून येतो. आता 'दोन' कुठून आलं? हा एक, हा एक, असं कुणी मोजलं तर दोनपण उत्पन्न होतं. मोजणाऱ्याच्या बुद्धीशिवाय ते नाही. सृष्टीच्या आरंभी मोजायला माणूस नव्हता. मग परमाणू मोजले कुणी? ज्याने मोजले तो ईश्वर. संख्या मनावर अवलंबून आहेत की मनाबाहेर स्वतंत्र आहेत, हा प्रश्न गणिताच्या तत्त्वज्ञानात अजून मिटलेला नाही, आणि उदयनाचार्य तो थेट सृष्टीच्या पहिल्या क्षणाशी नेऊन भिडवतात. मात्र हा युक्तिवाद उभा आहे तो न्याय-वैशेषिकांच्या परमाणुशास्त्रावर. ते शास्त्र आज कुणी मानत नाही, त्यामुळे आपल्यासाठी त्याच्याखालची जमीनच सरकली आहे.

दुःखाचा प्रश्न यात नसता तरच नवल. सातव्या शतकाच्या आसपासचे मीमांसक कुमारिल भट्ट कट्टर वैदिक, पण जगाच्या निर्मात्याच्या कल्पनेवर सगळ्यांत बोचरे प्रश्न त्यांचेच. प्रयोजन नसताना मंदबुद्धीचा माणूससुद्धा काही करायला जात नाही. मग ईश्वराने जग कशासाठी केलं? करुणेपोटी म्हणावं, तर सृष्टीआधी करुणा करायला होतं कोण? आणि करुणा असती तर सुखच सुख निर्माण केलं असतं. नैयायिक म्हणतात, दुःख ज्याच्या त्याच्या कर्माचं फळ, ईश्वर फक्त ते वाटतो. मग कर्मच पुरेसं आहे, ईश्वर कशाला? नैयायिकांचं उत्तर: कर्म जड, म्हणजे अचेतन, आहे; कुऱ्हाड लाकूडतोड्यावाचून चालत नाही. सांख्य दर्शनाचे पंडित इथे मध्ये पडतात. गाईचं दूध जड आहे, तरी वासरासाठी आपोआप वाहतंच ना? शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्यात सांख्यांना उत्तर देतात की गाय सचेतन आहे, वासराच्या मायेने तिला पान्हा फुटतो, त्यामुळे हे उदाहरण तुमच्या कामाचं नाही. गोठ्यातली गोष्ट, आणि तिच्यावर दोन दर्शनांची लढत.

सगळ्यांत लक्षात ठेवण्याजोगी साक्ष मात्र रामानुजाचार्यांची आहे. विष्णूचे एवढे मोठे भक्त, पण 'श्रीभाष्या'त ते नैयायिकांचं हे अनुमान उघडपणे नाकारतात. पृथ्वी, पर्वत, समुद्र हे सगळं एकाच कर्त्याने एकाच वेळी केलं हे अनुमानाने सिद्ध होत नाही. ईश्वर कळतो तो शास्त्राने. युक्तिवाद नाकारणारा श्रद्धा सोडतोच असं नाही आणि युक्तिवाद नाकारला म्हणजे नास्तिक असंही नाही, याचा यापेक्षा मोठा दाखला नको. आपल्याकडेही नामदेव-तुकारामांच्या अभंगांत विठ्ठल एखाद्या अनुमानाचा निष्कर्ष म्हणून येत नाही. श्रद्धेला या अनुमानाचा टेकू लागतोच असं समजून जे त्याचं रक्षण करायला धावतात, त्यांनी रामानुज जरूर वाचावेत.

उदयनाचार्यांनाही याची जाण होती. शैव त्याला शिव म्हणतात, बौद्ध बुद्ध म्हणतात, कारागीरसुद्धा विश्वकर्मा म्हणून त्याचीच उपासना करतात, मग शंका उरते कुठे, असं म्हणून ते ग्रंथ सुरू करतात. तरी ही चर्चा कशासाठी? ही चर्चा हीच मननरूप उपासना आहे, म्हणून. आणि शेवटी ते ईश्वराला विनवतात: एवढ्या तर्काच्या पाण्याने धुऊनही ज्यांच्या हृदयात तुला जागा मिळत नाही ते दगडाच्या काळजाचे खरे, पण विरोध करताना का होईना ते तुझंच चिंतन करतात, तेव्हा कालांतराने त्यांनाही तूच तार. प्रतिपक्षासाठी अशी प्रार्थना करणारा तर्कपंडित विरळा.

प्रतिपक्षाचं लिखाण आपल्या हाती आलं ते नशिबानेच. विक्रमशिला या बौद्ध महाविहाराचे ज्ञानश्रीमित्र आणि त्यांचे शिष्य रत्नकीर्ती यांनी अकराव्या शतकात ईश्वरानुमानाचं सविस्तर खंडन लिहिलं. पुढे विक्रमशिला उद्ध्वस्त झाली, भारतात हे ग्रंथ दिसेनासे झाले. बौद्ध वाङ्मयाचे अभ्यासक राहुल सांकृत्यायन १९३०च्या दशकात तिबेटात गेले, मठांत संस्कृत पोथ्या पाहिल्या, त्यांची छायाचित्रं आणली, आणि १९५०च्या दशकात पाटण्याहून हे ग्रंथ छापून निघाले. तोपर्यंत कित्येक शतकं या वादातला त्यांचा आवाज ऐकूच येत नव्हता.

हेच साधन आता आजच्या सगळ्यांत गाजलेल्या युक्तिवादाला लावून पाहू. गुरुत्वाकर्षणाचं बळ, अणुकेंद्र बांधून ठेवणारं बळ असे विश्वाचे काही स्थिरांक जरा वेगळे असते तर तारे झाले नसते, कार्बन झाला नसता, जीवसृष्टी झाली नसती. मग ते इतके नेमके जुळवले कुणी? याला व्याप्तीचा आधार मिळत नाही, कारण कुणी जुळवलेली आणि न जुळवलेली अशी अनेक विश्वं आपण पाहिलेली नाहीत. आपल्यापुढे विश्व एकच आहे. पण मीमांसकांकडे अर्थापत्ती नावाचं आणखी एक प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन, आहे. लठ्ठ देवदत्त दिवसा जेवत नाही हे पक्कं ठाऊक आहे, तर तो रात्री जेवत असला पाहिजे. इथे व्याप्तीची गरज नाही, पण दुसरी कुठलीच वाट शिल्लक राहता कामा नये. स्थिरांकांचा युक्तिवाद या जातीचा आहे, आणि म्हणून तो मडक्याच्या अनुमानापेक्षा मला बळकट वाटतो. अडचण एवढीच की त्याच्या दोन वाटा अजून मोकळ्या आहेत. अगणित विश्वं असतील तर त्यांतलं एखादं असं निघणारच. आणि कदाचित स्थिरांक याहून वेगळे असूच शकत नसतील. पहिली वाट तपासण्याची सोय आज आपल्याकडे नाही, दुसरीचा निकाल भौतिकशास्त्राने अजून दिलेला नाही. स्थिरांकांवरून ईश्वर सिद्ध झाला असं ज्याला म्हणायचं असेल, त्याने आधी या दोन्ही वाटा बंद करून दाखवायला हव्यात. आणि अनेक विश्वं पुढे करून ईश्वराला उडवून लावणाऱ्याने धर्मकीर्तींच्या त्या खुंटाला उत्तर द्यायला हवं, कारण न पाहिलेलं, संबंध न दाखवलेलं कारण मग तोही पुढे करत असतो.